घाव एकावर, जखम समाजाला
काँग्रेसमन जॉन कॉन्यर्स, महाभियोग आणि द्वेषगुन्ह्यांचे कायदे

१९९८ सालच्या ऑक्टोबरातला दुसरा आठवडा. गुरुवारी, ८ तारखेला, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध महाभियोगाची चौकशी सुरू करण्याचा ठराव २५८ विरुद्ध १७६ मतांनी मंजूर केला. त्याच वेळी कोलोरॅडोतल्या एका इस्पितळात मॅथ्यू शेपर्ड नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी बेशुद्धावस्थेत शेवटच्या घटका मोजत होता. तो समलिंगी होता. वायोमिंगमधल्या लॅरमी गावाबाहेर त्याला कुंपणाला बांधून, डोक्यावर घाव घालून, थंडीत तसेच टाकून देण्यात आले होते. सोमवारी, १२ तारखेला, तो गेला. त्याच वर्षीच्या ७ जूनला टेक्सासमधल्या जॅस्पर गावी जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय गृहस्थांना तिघा गोऱ्यांनी ट्रकला बांधून फरफटत नेऊन ठार मारले होते.

टीव्हीवर या बातम्या एकापाठोपाठ एक येत. एक वॉशिंग्टनच्या राजकारणाची, दुसरी क्रौर्याची. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. पण या दोन्ही विषयांच्या फायली राजधानीत एकाच टेबलावर येत होत्या. ते टेबल म्हणजे प्रतिनिधिगृहाची ज्युडिशियरी कमिटी, आपल्या भाषेत न्यायसमिती. आणि त्या समितीत अल्पमतातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते म्हणून बसले होते आमच्या मिशिगनचे, डेट्रॉइटचे काँग्रेसमन जॉन कॉन्यर्स. १९७४ साली रिचर्ड निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची कलमे ज्या न्यायसमितीने मंजूर केली, तिच्यातला १९९८ च्या समितीत उरलेला हा एकमेव सभासद.

मी गेली अनेक वर्षे या राज्यात राहतो. कॉन्यर्स माझे प्रतिनिधी नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांसारखा मीही उपनगरवासी. पण महाभियोग आणि द्वेषगुन्हे या दोन्ही विषयांवर आपली भूमिका पुन्हा पुन्हा मांडणारा हा माणूस वाचत गेलो, तसे एक सूत्र हाती लागले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: एखाद्या कृत्याचा घाव एकावर पडतो, पण जखम साऱ्या समाजाला होते, तेव्हा कायद्याने काय करायचे? आपण स्थलांतरितांनी या प्रश्नाकडे लक्ष देणे का गरजेचे आहे, ते ओघाने येईलच.

डेट्रॉइटचा माणूस

कॉन्यर्स यांचा जन्म १६ मे १९२९ चा. कोरियन युद्धात सैन्यात सेवा, नंतर डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातून कायद्याची पदवी, आणि १९६४ साली काँग्रेसवर निवड. तिथून जे बसले ते डिसेंबर २०१७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ५३ वर्षे. माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स पुढे डेट्रॉइटला आल्या आणि १९६५ पासून १९८८ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी कॉन्यर्स यांच्याच कचेरीत काम केले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी, एप्रिल १९६८ मध्ये, किंग यांच्या नावे राष्ट्रीय सुट्टी असावी असे विधेयक कॉन्यर्स यांनी मांडले. ती सुट्टी कायद्यात यायला १९८३ साल उजाडले. जानेवारीतल्या त्या सोमवारी आपल्या मुलांना शाळेला सुट्टी असते, तिच्यामागे ही १५ वर्षांची चिकाटी आहे.

चिकाटी हा त्यांचा गुण, तसे आक्रमक बोलणे हेही त्यांचे वैशिष्ट्य. निक्सन यांच्या कचेरीने विरोधकांची जी कुप्रसिद्ध यादी बनवली होती, तिच्यातल्या पहिल्या वीस नावांत कॉन्यर्स तेराव्या क्रमांकावर होते.

महाभियोग म्हणजे काय, आणि काय नव्हे

महाभियोगाविषयी आपल्या मंडळींत एक गैरसमज हमखास आढळतो: राष्ट्राध्यक्ष ‘इम्पीच’ झाला म्हणजे गेला. तसे नाही. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवणे म्हणजे महाभियोग. त्यानंतर सिनेटपुढे खटला चालतो आणि पदावरून दूर करायला दोनतृतीयांश मते लागतात. हा आपल्याकडच्या अविश्वास ठरावासारखा प्रकारही नव्हे. सरकारचे धोरण आवडले नाही म्हणून महाभियोग चालवता येत नाही. भारतीय संविधानाच्या ६१ व्या कलमात राष्ट्रपतींवरील महाभियोगाला एकच कारण दिले आहे, ते म्हणजे संविधानाचा भंग. अमेरिकन राज्यघटनेत देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर मोठे गुन्हे व गैरवर्तन’ अशी कारणे आहेत. यातल्या शेवटच्या शब्दांचा अर्थ काय, यावर दोनशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे.

घटनेला मान्यता मिळवण्यासाठी १७८८ साली लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी ६५ व्या निबंधात अलेक्झांडर हॅमिल्टनने याची फोड केली आहे. त्याच्या मते महाभियोगाचे गुन्हे लोकांनी टाकलेल्या विश्वासाचा भंग करणारे असतात, आणि ते राजकीय असतात, कारण त्यांची इजा थेट समाजाला पोचते. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

कॉन्यर्स यांनी निक्सनविरुद्ध महाभियोगाचा ठराव मांडला तो वॉटरगेटच्या चोरीच्याही आधी, मे १९७२ मध्ये, व्हिएतनाम युद्धावरून. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७४ च्या जुलैअखेर मात्र न्यू जर्सीचे पीटर रोडिनो यांच्या अध्यक्षतेखालील न्यायसमितीने तीन कलमे मंजूर केली. न्यायाच्या कामात अडथळा, २७ विरुद्ध ११. सत्तेचा दुरुपयोग, २८ विरुद्ध १०. काँग्रेसच्या आदेशांचा अवमान, २१ विरुद्ध १७. पहिल्या कलमाच्या बाजूने सहा रिपब्लिकन सभासदांनीही मत दिले होते. ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडले.

पण कॉन्यर्स यांना सगळ्यात महत्त्वाचे वाटत होते ते चौथे कलम, आणि ते त्यांनी स्वतः मांडले होते. मार्च १९६९ पासून कंबोडियावर गुप्तपणे बाँबवर्षाव झाला, त्याच्या खोट्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि युद्ध करण्याचा अधिकार ज्या काँग्रेसचा, तिलाच अंधारात ठेवले गेले, हा तो आरोप. ते कलम १२ विरुद्ध २६ मतांनी पडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘द ब्लॅक स्कॉलर’ या नियतकालिकात लेख लिहून कॉन्यर्स यांनी आपले म्हणणे पुन्हा मांडले. एका कचेरीतल्या चोरीवर पांघरूण घालणे हा गुन्हा ठरतो आणि एका देशावर चोरून बाँब टाकणे सुटून जाते, हे त्यांना पटणारे नव्हते.

आपल्याच माणसाविरुद्ध

कोणाचेही तत्त्व पारखायचे तर ते त्याच्या विरोधकाला लावून पाहण्यात अर्थ नाही. जवळच्या माणसाला लावून पाहावे. कॉन्यर्स यांच्यावर ती वेळ आली १९८७-८८ मध्ये. फ्लॉरिडातले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश अल्सी हेस्टिंग्ज यांच्यावर लाचेच्या कटाचा आरोप होता. १९८३ साली ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले होते. तरी न्यायालयीन समितीने चौकशी करून प्रकरण काँग्रेसकडे पाठवले, आणि ते कॉन्यर्स यांच्याच उपसमितीपुढे आले. कृष्णवर्णीय न्यायाधीशांना वेचून त्रास दिला जातो असा संशय त्या समाजात होता, आणि सुरुवातीला तो कॉन्यर्स यांच्याही मनात होता. पण पुरावा वाचल्यावर त्यांचे मत फिरले. नागरी हक्कांची लढाई एका प्रकारच्या भ्रष्ट न्यायाच्या जागी दुसऱ्या प्रकारचा भ्रष्ट न्याय आणण्यासाठी लढली गेली नव्हती, अशा आशयाचे त्यांचे प्रतिनिधिगृहातले भाषण गाजले. ऑगस्ट १९८८ मध्ये ४१३ विरुद्ध ३ मतांनी महाभियोग मंजूर झाला, आणि पुढच्या वर्षी सिनेटने हेस्टिंग्ज यांना पदावरून दूर केले. गंमत अशी, की १९९२ साली फ्लॉरिडाच्या मतदारांनी हेस्टिंग्ज यांना काँग्रेसवर निवडून दिले आणि ते कॉन्यर्स यांचे सहकारी झाले!

या पार्श्वभूमीवर १९९८ चे त्यांचे म्हणणे ऐकावे. क्लिंटन यांचे वागणे त्यांनी योग्य ठरवले नाही. त्यांच्या पक्षाने समितीत निषेधाचा ठरावही पुढे केला होता. पण महाभियोगाला त्यांचा विरोध होता. निक्सन यांनी सरकारी यंत्रणा नागरिकांविरुद्ध आणि काँग्रेसविरुद्ध वापरली. क्लिंटन यांनी एका खाजगी संबंधाविषयी खोटे सांगितले. दोहोंना एकाच मापाने मोजू नका, हा त्यांचा युक्तिवाद. १९ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने दोन कलमे मंजूर केली, २२८ विरुद्ध २०६ आणि २२१ विरुद्ध २१२ अशी. दोन्ही पक्षांचे मोजके सभासद सोडले तर मते सरळ पक्षरेषेवर पडली. या प्रकाराला कॉन्यर्स यांनी रिपब्लिकनांनी घडवलेला सत्तापालटच म्हटले. हे शब्द मला अतिशयोक्तीचे वाटतात. घटनेने दिलेल्या मार्गाने झालेल्या मतदानाला ते नाव शोभत नाही. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये पहिल्या कलमाला ४५ आणि दुसऱ्याला ५० मते मिळाली. लागणार होती ६७.

डेट्रॉइट १९८२, जर्सी सिटी १९८७

आता दुसऱ्या विषयाकडे वळू. इथे आपलाही संबंध येतो.

जून १९८२ मध्ये डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणाला, त्याच्या लग्नाला थोडेच दिवस उरले असताना, दोघा गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली. चार दिवसांनी तो गेला. मारणारे मोटार उद्योगातले. जपानी गाड्यांमुळे आपल्या नोकऱ्या जातात हा राग तेव्हा शहरभर होता. समोरचा चिनी की जपानी हे कोण बघतो! मनुष्यवधाच्या आरोपावर राज्याच्या न्यायालयाने शिक्षा काय दिली? तीन वर्षे प्रोबेशन आणि ३००० डॉलर दंड. तुरुंगवास एक दिवसाचाही नाही. पुढे फेडरल नागरी हक्क कायद्याखाली एकाला २५ वर्षांची शिक्षा झाली, पण ती १९८६ साली अपिलात रद्द झाली आणि १९८७ च्या फेरखटल्यात तो सुटला.

त्याच १९८७ साली न्यू जर्सीत, जर्सी सिटी आणि होबोकनच्या परिसरात, ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्यांनी भारतीयांना हैराण केले. नाव आपल्या बायकांच्या कुंकवावरून घेतलेले. भारतीयांना शहराबाहेर घालवण्यासाठी वाटेल ते करू, असे पत्र त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राकडे पाठवले. सप्टेंबरात नवरोझ मोदी या पारशी तरुणाला होबोकनच्या रस्त्यावर मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. मारणाऱ्यांना मारहाणीबद्दल शिक्षा झाल्या. खुनाचा गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही. त्या भागातल्या अनेक बायकांनी तेव्हा घराबाहेर पडताना कुंकू आणि साडी टाळायला सुरुवात केली. ज्यांनी मोदीचे नावही कधी ऐकले नव्हते, त्यांचे रोजचे वागणे एका रात्रीत बदलले. द्वेषगुन्हा म्हणजे काय, हे समजायला याहून वेगळी व्याख्या लागत नाही. मार एकाला बसतो, आणि निरोप सगळ्यांना जातो.

असे गुन्हे देशात किती होतात, याचा फेडरल सरकारकडे तेव्हा हिशेबच नव्हता. तो ठेवायला लावणारे विधेयक प्रतिनिधिगृहात कॉन्यर्स यांनी मांडले. म्हणजे हेस्टिंग्ज यांचे प्रकरण आणि हे विधेयक साधारण एकाच काळात त्यांच्या हाताखालून गेले. २३ एप्रिल १९९० ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, थोरले, यांनी त्यावर सही केली. वंश, धर्म, वांशिक मूळ आणि लैंगिक कल या कारणांनी झालेल्या गुन्ह्यांची मोजदाद आता एफबीआय प्रसिद्ध करू लागले. स्थानिक पोलिसांनी माहिती द्यायची ती स्वेच्छेने, त्यामुळे आकडे अपुरेच राहतात. हिंदू आणि शीख यांच्याविरुद्धचे गुन्हे वेगळे मोजायला तर २०१५ साल उजाडले. तरी ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही असे सरकारदरबारी समजले जाते, म्हणून ही पहिली पायरी मोलाची होती.

कायद्यातली फट

शिक्षेचा फेडरल कायदा १९६८ पासून होता, पण त्याला एक विचित्र अट होती. वंश किंवा धर्माच्या द्वेषाने मारले एवढे सिद्ध करून भागत नसे; पीडित माणूस त्या वेळी मतदान, सार्वजनिक शाळा, हॉटेल असा ठरावीक हक्क बजावत होता आणि त्या कारणाने त्याला मारले, हेही सिद्ध करावे लागे. रस्त्याने नुसते चालत जाणाऱ्याला मारले तर फेडरल वकिलांचे हात बांधलेले. व्हिन्सेंट चिनच्या खटल्यात तो एका बारमध्ये होता, म्हणून निदान खटला उभा तरी राहिला. लैंगिक कलाचा तर त्या कायद्यात उल्लेखच नव्हता. म्हणून शेपर्डच्या मारेकऱ्यांवर फेडरल द्वेषगुन्ह्याचा खटला होऊ शकत नव्हता.

ही फट बुजवण्याचे विधेयक १९९७ च्या अखेरीपासून काँग्रेसपुढे होते. क्लिंटन यांचा खटला आटोपल्यावर, मार्च १९९९ मध्ये, प्रतिनिधिगृहात ते पुन्हा मांडले कॉन्यर्स यांनी. नंतर दहा वर्षे त्याचे घोंगडे भिजत पडले. सिनेटने २००० आणि २००४ साली दुरुस्ती मंजूर केली, पण दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत ती गळाली. २००७ साली प्रतिनिधिगृहात ते २३७ विरुद्ध १८० मतांनी पार पडले. धाकट्या बुश यांनी नकाराधिकाराचा इशारा दिल्यावर ते पुन्हा मागे पडले. अखेर एप्रिल २००९ मध्ये २४९ विरुद्ध १७५ मतांनी प्रतिनिधिगृहात संमत झाले, संरक्षणखर्चाच्या विधेयकाला जोडले गेले, आणि २८ ऑक्टोबर २००९ ला बराक ओबामा यांनी त्यावर सही केली. कायद्याला नावे दिली ती मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड यांची. ठरावीक हक्क बजावत असण्याची जुनी अट त्याने काढून टाकली.

हेतूला शिक्षा?

या कायद्याला विरोध करणारे सगळे द्वेष्टे होते असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांचे आक्षेप विचारात घेण्यासारखे आहेत. खून तो खून. मारणाऱ्याच्या मनात काय होते यावर जादा शिक्षा देणे म्हणजे विचाराला शिक्षा देणे नव्हे काय? जॅस्परच्या तिघांपैकी दोघांना फाशीची आणि एकाला जन्मठेपेची शिक्षा साध्या कायद्यानेच झाली; मग नवा कायदा कशाला? आणि काही समाजांना वेगळे संरक्षण दिले तर कायद्यापुढे सारे समान कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिले. विस्कॉन्सिनच्या केनोशा गावातला तो खटला. त्यात मारणारे कृष्णवर्णीय तरुण होते आणि मार खाणारा मुलगा गोरा. म्हणजे हा कायदा एका बाजूचा नाही, हेही त्याच खटल्याने दाखवून दिले. मुख्य न्यायाधीश रेन्क्विस्ट हे सनातनी वळणाचे. पण निकाल त्यांनीच लिहिला. बोलण्याला शिक्षा नाही, मात्र मारण्यासाठी माणूस निवडताना त्याचा वंश पाहिला असेल तर शिक्षा वाढवता येते, असे तो सांगतो. त्याच्या आदल्याच वर्षी याच न्यायालयाने सेंट पॉल शहराचा एक वटहुकूम रद्द केला होता, कारण तो चिन्हांना आणि अभिव्यक्तीला शिक्षा देत होता. या दोन निकालांमधली रेघ कॉन्यर्स यांच्या विधेयकाने पाळली. प्रत्यक्ष शारीरिक इजा किंवा तिचा ठरावीक प्रकारचा प्रयत्न असल्याशिवाय ते लागूच होत नाही.

आणि हेतू पाहणे कायद्याला नवे आहे थोडेच? हातून चुकून झालेला मृत्यू आणि ठरवून केलेला खून यांत मृत माणूस तितकाच मृत असतो, फरक हेतूचाच. महाराष्ट्रातून आलेल्यांना तर हा वाद अनोळखी वाटू नये. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा, ज्याला आपण सरसकट ‘अॅट्रॉसिटी’ म्हणतो तो कायदा १९८९ सालचा; तो अमलात आला जानेवारी १९९० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोजदादीच्या कायद्याच्या तीन महिने आधी. दोन्हींचे तपशील वेगळे आहेत, पण त्यांवरचे आक्षेप ऐकले की भाषांतरच ऐकतोय असे वाटते. इथे आपण अल्पसंख्य आहोत म्हणून या कायद्याचे महत्त्व चटकन पटते. तिकडे आपल्यापैकी अनेकजण बहुसंख्यांच्या घरात वाढलो. तिथल्या कायद्याकडे आपण त्याच नजरेने पाहतो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

१८६८ ची आठवण

महाभियोग आणि द्वेषगुन्हे हे दोन विषय इतिहासात पहिल्यांदा एकत्र आले ते १९९८ च्याही १३० वर्षे आधी. यादवी युद्ध संपले, लिंकन गेले आणि अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. मुक्त झालेल्या गुलामांना नागरी हक्क देणारे १८६६ चे विधेयक त्यांनी नाकारले. काँग्रेसने नकाराधिकार ओलांडून ते मंजूर केले. त्याच वर्षी मे महिन्यात मेम्फिसमध्ये आणि जुलैत न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. सप्टेंबरात सेंट लुईसच्या भाषणात जॉन्सन यांनी न्यू ऑर्लिन्सचा दोष मारणाऱ्यांऐवजी काँग्रेसमधल्या विरोधकांवर ढकलला.

१८६८ साली त्यांच्यावर महाभियोग चालला. मुख्य आरोप युद्धमंत्र्याला बेकायदा काढल्याचा होता, पण दहावे कलम त्यांच्या भाषणांविषयी होते आणि सेंट लुईसचे भाषण त्यात नमूद होते. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली. एका मताने जॉन्सन वाचले. दहाव्या कलमावर मतदान झालेच नाही. नुसत्या भाषणावरून राष्ट्राध्यक्षाला काढावे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. काँग्रेसने १८७१ साली कू क्लक्स क्लॅनविरुद्ध कायदा केला, पण १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे एक महत्त्वाचे कलम रद्द ठरवले. जमावाच्या हाती मेलेल्यांना पुढे कित्येक दशके वॉशिंग्टनमध्ये वाली राहिला नाही. २००९ च्या कायद्याने वंशद्वेषाच्या गुन्ह्यांसाठी आधार घेतला तो गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा. म्हणजे १८६५ च्या अपुऱ्या कामाचा धागा तिथून पुन्हा हाती घेतला.

कॉन्यर्स यांचे माप, कॉन्यर्स यांना

त्यांचे चरित्र डागांशिवाय नाही. २००५ च्या डिसेंबरात इराक युद्धाची चौकशी करून महाभियोगाला आधार आहे का ते पाहण्यासाठी समिती नेमा, असा ठराव त्यांनी मांडला. २००७ साली ते स्वतः न्यायसमितीचे अध्यक्ष झाले, अधिकार हाती आला, आणि त्यांनी पाऊल उचलले नाही. पक्षनेतृत्वाला ते नको होते. त्यांच्याच कचेरीत ठिय्या देणाऱ्या युद्धविरोधकांना जुलै २००७ मध्ये अटक झाली. कंबोडियासाठी एकाकी लढलेल्या माणसाने इराकच्या वेळी मतांचा हिशेब केला. त्याला व्यवहार म्हणा, नाही तर माघार म्हणा.

आणि डिसेंबर २०१७ मध्ये, कचेरीतल्या स्त्रियांनी केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपांनंतर, त्यांना पद सोडावे लागले. आरोप त्यांनी नाकारले. पण १९९८ चा त्यांचा युक्तिवाद आज वाचताना हा प्रसंग बाजूला ठेवता येत नाही. वरिष्ठ आणि हाताखालची तरुण कर्मचारी यांच्यातला संबंध ‘खाजगी’ म्हणून सोडून देणे तेव्हा जितके सोपे वाटले, तितके ते नव्हते. सत्तेचा दुरुपयोग नेहमी गुप्तहेर आणि बाँबफेकी विमाने घेऊनच येतो असे नाही; तो बंद दाराआडही होतो. तरीही राष्ट्राध्यक्षाला काढण्यासाठी समाजाच्या विश्वासाला थेट इजा हवी, हे त्यांचे मूळ माप मला आजही योग्य वाटते. ते माप स्वतःकडे वळवायला मात्र ते तयार नव्हते.

२७ ऑक्टोबर २०१९ ला कॉन्यर्स गेले. दोन महिन्यांच्या आत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर पहिला महाभियोग मंजूर झाला, जानेवारी २०२१ मध्ये दुसरा. दोन्ही वेळा सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. दुसऱ्या वेळी ५७ विरुद्ध ४३ मते पडली, तरी दोनतृतीयांशाला दहा कमीच. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला सिनेटने काढलेले नाही. द्वेषगुन्ह्यांच्या कायद्याचा हिशेब थोडा बरा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय इंजिनिअरला, आपल्या देशातून चालता हो असे ओरडत, एकाने गोळी घालून मारले. मारेकऱ्याला खुनाबद्दल जन्मठेप झालीच. शिवाय फेडरल द्वेषगुन्ह्याबद्दलही वेगळी जन्मठेप झाली.

ही दुसरी शिक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. माणूस तर एकदाच तुरुंगात मरतो. माझ्या मते ती शिक्षा ज्यांना गोळी लागली नाही त्यांच्यासाठी होती. त्या रात्री देशभरात किती भारतीय घरांतून मुलाला किंवा नवऱ्याला ‘संध्याकाळी बाहेर जाऊ नकोस’ असे सांगितले गेले असेल! मारेकऱ्याने धाडलेला निरोप त्या घरांपर्यंत पोचला होता. त्याला उत्तर देणे हे सरकारचे काम, आणि ते न्यायालयाच्या कागदावर, नाव घेऊन, लिहिले गेले.

आपल्यापैकी बहुतेकांनी या देशाच्या घटनेशी निष्ठेची शपथ उजवा हात वर करून घेतली आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेपुरती तिची प्रश्नोत्तरे पाठ केली आणि नंतर विसरलो. तिच्यातल्या दोन तरतुदी, सर्वांत बलिष्ठ माणसाला जाब विचारणारी आणि सर्वांत एकट्या माणसाच्या पाठीशी उभी राहणारी, आपोआप चालत नाहीत. मोजदादीच्या कायद्यापासून शिक्षेच्या कायद्यापर्यंत १९ वर्षे लागली, ती कोणीतरी दर खेपेला विधेयक पुन्हा मांडत राहिल्यामुळे कारणी लागली. आपला काँग्रेसमन कोण, तो या दोन विषयांवर कसे मत देतो, आणि गावातले पोलीस द्वेषगुन्ह्यांची नोंद करतात की नाही, एवढे तरी प्रत्येक घराला ठाऊक असावे. ते विचारायला एक फोन पुरतो, आणि तो करायला इंग्रजीच्या उच्चारांची परीक्षा द्यावी लागत नाही.